शेवटच्या नळाचा पिवळा रंग

तिला ‘बाटलीबाई’ हे नाव मीच ठेवलं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे याहून वाईट कबूल करायचं आहे आणि जिभेला थोडी सवय झालेली बरी. आमच्या गल्लीत चौदा घरं. त्यातल्या अकरा घरांना मी नावं ठेवली आहेत. उरलेली तीन माझ्या सासरच्यांची, तिथे ठेवली तर जेवण बंद होईल.

बाटलीबाई आमच्यापासून चौथ्या घरातली सून. उंच, किडकिडीत, चालताना जरा पुढे वाकलेली, जणू दाराची चौकट नेहमीच बुटकी असणार असं धरून चालणारी. तिचं काम पाणी तपासायचं. आमच्याकडे सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं आणि साडेसातला जातं. तेवढ्या तासात ती खांद्याला पिशवी लावून निघायची. पिशवीत एक काचेची नळी, बोटाएवढी. एक औषधाची छोटी बाटली, थेंब पाडायची. आणि एक वही. नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, आणि उजेडाकडे धरून बघायचं. पाणी पिवळं झालं की टाकीत टाकलेलं जंतू मारायचं औषध इथवर पोचलंय, पाणी प्यायला हरकत नाही. पांढरं राहिलं तर नाही पोचलं, मग त्या पाण्याचा भरवसा नाही. टाकीजवळचं एक घर, मधली पाच, आणि गल्लीच्या टोकाचं शेवटचं. शेवटचं घर आमचं.

“अगं, सकाळी सकाळी बाटली घेऊन फिरतेस, लोक काय म्हणतील?” असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले आणि नाव चिकटलं. ती हसली होती. मला वाटलं आवडलं तिला. आता वाटतं, नवीन माणूस हसतो तसं हसली होती.

हे काम तिला मिळालं ते इतर कोणाला नको होतं म्हणून. दारोदार फिरायचं आणि लोकांना त्यांचं पाणी खराब आहे म्हणून सांगायचं, हे कोण करणार? तिचा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात ती आणि सासू. सासू म्हणजे काय सांगू. सुनेनं भाजी आणली की ही पिशवी उपडी करून एकेक वांगं दाबून बघणार. सुनेनं कडी लावली की उठून परत बघणार लागली का. एकदा सुनेनं सांगितलं, बाहेर ऊन आहे, तर म्हातारी बाहेर जाऊन बघून आली.

“घरात माझं कुणी खरं मानत नाही, काकू,” ती एकदा माझ्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून म्हणाली. मी कपडे शिवते, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या बायका कधी ना कधी त्या स्टुलावर बसतात आणि बोलतात. मापं मी वहीत लिहिते, बाकीचं डोक्यात. “पण नळीचं मानावं लागतं. नळी पिवळी झाली की ऑफिसातला साहेब पण मान हलवतो.”

पाण्याच्या ऑफिसातल्या वहीत सही करायला मिळते म्हणून तिनं महिनाभर सहीचा सराव केला होता. जुन्या वर्तमानपत्राच्या कडेनं सह्याच सह्या. शेवटचं अक्षर लांब ओढून खाली दोन टिंबं. मी विचारलं, टिंबं कशाला? तर म्हणाली, “घाईत केलेली वाटू नये म्हणून.”

सात वर्षं तिनं हे केलं. आणि सातव्या वर्षी एक चमत्कार घडला. म्हातारी तिच्या शब्दावर पाणी प्यायला लागली. आधी ती उकळल्याशिवाय थेंब घ्यायची नाही. मग रोज सकाळी सून फेरी करून परत आली की दारातूनच विचारायची, “पिवळं?” सून म्हणायची, “पिवळं.” की लोटा तोंडाला. गल्लीला यात विशेष काही दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी दुसऱ्यांच्या दारातच बघत असते.

आता आमच्या संडासाकडे वळते. नाक दाबायचं असेल त्यांनी दाबावं.

घरोघरी संडास बांधायची योजना आली तेव्हा आम्हीही बांधला. पण आमचं घर टोकाला, मागे जेमतेम एका खाटेएवढी जागा. आमच्या ह्यांनी तेवढ्यात शोषखड्डा खणला. खोल खणायला हवा होता, पण दीड पुरुषाच्या जागी अर्धाच पुरुष झाला आणि ह्यांची कंबर धरली. दोन वर्षांत खड्डा भरला. उपसायची गाडी आमच्या बोळात शिरेना. मग एका दुपारी सगळी गल्ली लग्नाला गेली असताना, माझं डोकं दुखतंय असं सांगून आम्ही दोघं मागे राहिलो आणि ह्यांनी खड्ड्यातून एक काळा पाइप काढून समोरच्या झाकलेल्या गटारात सोडला. वर लादी ठेवली. लादीवर मी लख्ख झाडू मारला.

गल्लीची पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन त्याच गटारातून जाते. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला किती आवडलं असतं. पण माहीत होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघितलंही नाही. ह्यांनी फक्त “लोखंडी आहे ती, काही होत नाही” एवढं म्हटलं आणि हात धुवायला गेले.

चार वर्षं काही झालं नाही. मी लोकांच्या संडासांवरून विनोद केले. बेकरीवाल्याच्या दाराला कडी नाही म्हणून तो आत बसून गाणं म्हणतो, त्याच्या गाण्यावर मी गल्ली लोळवली आहे. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. माझा शेंबूड लादीखाली होता, म्हणून कुणाला दिसत नव्हता.

मग एका सोमवारी बाटलीबाईनं आमच्या नळाखाली नळी धरली आणि बराच वेळ उजेडाकडे बघत राहिली.

“पांढरं आहे काकू.”

“तुझं औषध शिळं झालं असेल.”

“टाकीजवळ पिवळंधमक होतं.” तिनं परत पाणी घेतलं. परत पांढरं. “मधे कुठेतरी औषध खाल्लं जातंय. घाण असली की ती औषध खाते. पाणी चालून येता येता दमतंच, शेवटच्या नळाला ते फिकं असतंच, पण असं पार पांढरं नाही होत.”

मंगळवारी पांढरं. बुधवारी पांढरं. ती म्हणाली, “उद्या पण असं आलं तर साहेबांना सांगून पाणी बंद करून गटार उघडायला लावते. आठ दिवस टँकर. तुम्ही तोवर उकळून प्या, आणि गल्लीत पण सांगा, तुमचं लोक ऐकतात.”

गटार उघडायचं. म्हणजे लादी काढायची. म्हणजे सगळ्या गल्लीसमोर आमचा पाइप, तोही आमच्या दारासमोर, आमच्याच दिशेला वळलेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली. मी गल्लीत उकळायचं सांगितलं नाही. केलं काय, ते ऐका.

संडासात टाकायला म्हणून टाकीवाल्याकडून आणलेली ब्लिचिंग पावडर घरात होती, तेच टाकीत टाकायचं औषध. मशीनखाली चिंध्यांची टोपली होती. मी अंगठ्याएवढी पिशवी शिवली, त्यात चिमूटभर पावडर भरली, तोंडाला दोरा घातला. गुरुवारी ती यायच्या आधी ती पिशवी नळाच्या तोटीत आत सरकवली आणि धार बारीक ठेवली. ती आली, तिनं नळी धरली, थेंब टाकले.

पिवळं. नुसतं पिवळं नाही, नारिंगीकडे झुकलेलं.

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी काहीतरी चांगलंच केलंय. “आलं बघा,” ती म्हणाली. “टाकीवाल्यानं जास्त टाकलं वाटतं आज. असू दे. कमीपेक्षा जास्त बरं.” तिनं वहीत लिहिलं, सही केली, दोन टिंबं दिली. मी चहा विचारला. माझ्याच नळाच्या पाण्याचा चहा ती माझ्यासमोर बसून प्यायली. चहा उकळलेला असतो, असं मी स्वतःला सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तर मी कोण. दुसऱ्या दिवशी मी आणखी पाच पिशव्या शिवल्या आणि मधल्या ज्या पाच घरी ती नळी धरते तिथे वाटल्या. “बाटलीबाईला पिवळं बघायची हौस आहे, दाखवा तिला. नाहीतर आठ दिवस टँकरपुढे उभं राहावं लागेल.” बेकरीवाला हसून हसून खोकला. त्याची बायको म्हणाली, “काकू, तुमचं डोकं म्हणजे.” बाटलीबाई तपासून गेली की पिशवी काढायची, वाटीत सुकवायची, उद्या परत. म्हणजे तपासायच्या दोन मिनिटांपुरतं पाणी औषधाचं, आणि प्यायचं पाणी आमच्या गटाराचं. हे वाक्य आत्ता लिहिताना सुद्धा मी दोनदा उठून आले.

नऊ दिवस वही पिवळी राहिली. नऊ दिवस म्हातारी दारातून विचारत होती, “पिवळं?” आणि सून म्हणत होती, “पिवळं.”

दहाव्या दिवशी बेकरी उघडली नाही. अकराव्या दिवशी नऊ घरांत जुलाब होते. आमच्या घरी नव्हते. आम्ही बुधवारपासून उकळून पीत होतो.

सगळ्यात वाईट अवस्था म्हातारीची. हातगाडीवर घालून दवाखान्यात नेली तेव्हा डोळे खोल गेले होते आणि हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पाच दिवस सलाईन. जगली. शुद्धीवर आली तेव्हा सुनेनं पाण्याचा पेला पुढे केला, तर तिनं मान भिंतीकडे वळवली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, “तुमच्यातलं थोडं द्या. हिच्या हातचं नको.” मी डबा घेऊन गेले होते, तिथेच उभी होते. सुनेनं पेला खाली ठेवला, पदरानं खाटेची कड पुसली. त्या कडेला काही सांडलेलं नव्हतं.

पाणी बंद झालं. टँकर यायला लागला. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला होता, तो घाण निघाला. मग साहेबांनी शाळेच्या वर्गात गल्लीला बोलावलं. आम्ही सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलो. साहेब खुर्चीवर, मांडीवर ती वही.

“नऊ दिवस पिवळं लिहिलंय,” साहेब म्हणाला. “रोज सही आहे. बाई, तुम्ही फेरीला जात होता की घरी बसून भरत होता?”

“जात होते, साहेब.”

“मग हे काय आहे? पिवळं पाणी पिऊन माणसं आजारी पडतात?”

“मी डोळ्यांनी बघितलं. पिवळं होतं.”

“कोणी दुसऱ्यानं बघितलं?”

बघितलं सगळ्यांनीच होतं. ज्यांच्या वाट्यांत पिशव्या सुकत होत्या ते सगळे बाकांवर होते आणि सगळ्यांना अचानक आपल्या नखांत फार रस वाटायला लागला होता. मागून कोणीतरी म्हणालं, “बाटलीबाई बाटली रिकामीच हलवत होती वाटतं.” वर्ग हसला. आणि सवयीनं, सगळ्यांच्या आधी एक क्षण, मी हसले. माझाच विनोद होता ना.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरं झालं असं तेव्हा वाटलं. साहेबांनी तिच्या खांद्याची पिशवी मागितली. तिनं नळी रुमालात गुंडाळली, बाटलीचं झाकण घट्ट केलं, आणि सगळं टेबलावर ओळीनं ठेवलं. साहेब म्हणाला, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका.

दोन दिवसांनी दुपारी ती माझ्या दारात आली. स्टुलावर बसली नाही. उभ्यानंच बोलली.

“काकू, नऊ दिवसांचे आकडे मला पाठ आहेत. टाकीजवळ फिकं पिवळं. तुमच्याकडे गडद. रोज. पाणी चालून आल्यावर दमतं, ताजंतवानं कसं होईल? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पिवळं बघितलं आणि खूश झाले.” जरा थांबली. “काल मी सगळ्यांच्या तोट्यांत बोट घालून बघितलं. बेकरीवाले आजारी पडले त्या गडबडीत काढायचं विसरले.”

तिनं मूठ उघडून मशीनच्या फळीवर ठेवली ती माझी पिशवी. निळ्यावर पांढरे ठिपके. औषधानं निळा रंग जागोजाग उडाला होता.

“हे माझ्या कुर्त्याचं कापड आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच शिवायला टाकलं होतं.”

मी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग पाइपचं सांगितलं. लग्नाची दुपार, लादी, झाडू, सगळं. ती ऐकत असताना तिचा चेहरा रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

“साहेबांना मी सांगितलं तर ते म्हणतील, स्वतःचं झाकायला दुसऱ्याचं नाव घेते,” ती म्हणाली. “माझं तिथे आता कोण खरं मानणार? तुम्हाला सांगावं लागेल. मला काम परत मिळेल न मिळेल. सासूबाईंना कळायला हवं की मी खोटं बोलले नव्हते. तेवढंच.”

पिशवी तिथेच ठेवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. खरंच गेले. दारातल्या शिपायाशी त्याच्या ढेरीवरून दोन विनोद केले, तो हसला, त्यानं खुर्ची दिली, मी अर्धा तास बसले आणि साहेबांना न भेटता परत आले. घरी ह्यांनी विचारलं, “सांगितलंस?” मी म्हटलं, साहेब नव्हते. ह्यांना सुटल्यासारखं झालं. ते बघून मला स्वतःचीच किळस आली, कारण मलाही तसंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर आमच्या टोकाला उभा होता. गल्ली बादल्या घेऊन रांगेत. ती रांगेत सगळ्यात शेवटी, तिच्या पुढे दोन हात जागा मोकळी सोडून लोक उभे. त्या दोन हात जागेनं मला दाराबाहेर काढलं.

“ऐका,” मी म्हटलं. “पाण्यात घाण आमच्या संडासाची आहे. आमचा पाइप गटारात सोडलाय.”

आणि काय सांगू, गल्ली हसली. बेकरीवाला पोट धरून म्हणाला, “काकू, नका हो हसवू, आधीच दुखतंय.” एक बाई म्हणाली, “बघा, आजारी माणसांना बरं वाटावं म्हणून कशाकशाचं सोंग घेते.” मी परत सांगितलं. परत हसले. जी खरं बोलत होती तिचं कोणी मानलं नाही, आणि आता मी खरं बोलतेय तर माझंही कोणी मानेना. तिचं मानलं नाही ते माझ्यामुळे, माझं मानलं नाही तेही माझ्यामुळेच.

मी ह्यांना हाक मारली. ते दात घासत दारात उभे होते. मान हलवली आणि आत गेले. मग मीच पहार आणली. लादीच्या फटीत घातली, जोर लावला, लादी हलेना. हसणं कमी झालं. दुसऱ्यांदा जोर लावताना पहारेवर आणखी दोन हात आले. किडकिडीत, लांब बोटांचे. ती “आता” म्हणाली, आणि लादी उलटली.

वास आधी आला. मग सगळ्यांनी वाकून पाहिलं. आमच्या घराच्या बाजूनं आलेला काळा पाइप, आणि त्याच्या तोंडाखाली हातभर अंतरावर पिण्याच्या पाण्याची लोखंडी पाइपलाइन, सांध्यावर गंजून खाल्लेली. पाणी बंद असलं की तो सांधा बाहेरचं आत ओढतो आणि ती घाण मागे गल्लीभर उतरते, हे नंतर साहेबांनी सांगितलं. बेकरीवाल्यानं आपली बादली उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि बादली दुसऱ्या हातात घेतली. एवढंच. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून दोन दिल्या असत्या.

बेकरीवाल्याच्या बायकोनं मग पिशव्यांचंही सांगून टाकलं. सगळ्यांनी आपापल्या वाट्या आठवल्या.

साहेब आला, पाहून गेला. पाइप कापला, आमच्या संडासाला कुलूप लावलं, नवा खोल खड्डा होईपर्यंत उघडायचा नाही असा कागद चिकटवला. पाइपलाइन बदलली, गटाराबाहेरून उंचावरून नेली. तिला तिची नळी-बाटलीची पिशवी परत दिली. माफी वगैरे मागितली नाही. “वही नीट भरत जा” म्हणाला.

आमचा खड्डा व्हायला सात आठवडे लागले. तेवढे दिवस जायचं कुठे? ह्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, त्याला अचानक दाराच्या कडीची लाज वाटायला लागली. मग तिनंच निरोप पाठवला, काकूंना म्हणावं आमच्याकडे या. सात आठवडे रोज सकाळी मी बादली घेऊन त्या चौथ्या घरी जात होते, जाता येता गल्ली बघत होती, आणि एकानंही त्यावर विनोद केला नाही. मी त्यांच्या जागी असते तर पन्नास केले असते.

म्हातारी दारातच बसलेली असायची. मी गेल्यावर पाय आवरून घ्यायची, वाट द्यायला. तिला मी सगळं सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, पाया पडून. तिनं ऐकलं. म्हणाली, “म्हणजे ती खोटं नव्हती बोलत.” मी म्हटलं, नाही मावशी, नव्हती. “बरं,” म्हणाली.

मला वाटलं, मिटलं.

एक दिवस मी बादली घेऊन अंगणात असताना सून फेरीवरून आली. आता ती प्रत्येक तोटीत आधी बोट घालून बघते, पाणी जरा वाहू देते, मगच नळी धरते. आमच्याही तोटीत घालते, रोज, मी समोर उभी असताना. ती आली तशी म्हातारीनं विचारलं, “पिवळं?”

“पिवळं,” सून म्हणाली.

म्हातारीनं लोटा उचलला नाही. हात पुढे केला. सुनेनं पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून नळी. तिच्यात शेवटच्या नळाचं, आमच्या नळाचं पाणी होतं. म्हणजे आता ती ते रोज घरी घेऊन येते. म्हातारीनं नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून फिरवून फिरवून पाहिली, परत दिली. मग कालचं उकळून ठेवलेलं पाणी होतं, ते प्यायली.

सुनेनं नळी धुऊन रुमालात गुंडाळली. मी बादली घेऊन त्यांच्या संडासात गेले आणि कडी लावली. तिथे उभं राहून ते बघायचा मला काही हक्क नव्हता.